भाड्याची गाडी, बर्फाचा रस्ता आणि चार मिलिमीटर

२०२१च्या ऑगस्टमध्ये उमरेड रोडवर आमची गाडी घसरली होती. पाऊस थांबून अर्धा तास झाला असेल. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळी माती डांबरावर आणून टाकली होती. आपल्याकडची काळी माती ओली झाली की तिचा साबण होतो, हे विदर्भातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, म्हणून वेग चाळीसच्या आतच होता. समोर म्हैस आली, मी ब्रेक लावला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी आडवी होऊन डावीकडच्या नालीत गेली. यांच्या कॉलरबोनचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात.

गाडी बाहेर काढल्यावर पाहिलं तर पुढचे दोन्ही टायर जवळजवळ गुळगुळीत झालेले. दोन महिन्यांपूर्वीच मला कुणीतरी सांगितलं होतं, "अजून एक पावसाळा निघते ना ताई." मी मान डोलावली होती. तेव्हापासून टायरच्या बाबतीत 'निघेल' आणि 'चालेल' हे दोन शब्द मी ऐकून घेत नाही.

म्हणून २०२४च्या सप्टेंबरात लेकीने फोनवर सांगितलं, "आई, नाताळात आपण गाडी भाड्याने घेऊन ऑस्ट्रियात जाऊ, झेल आम झेला," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो टायरचा. लेक म्युनिकजवळच्या गार्शिंगला शिकते. तिच्याकडे लायसन्स नाही. यांना गुडघ्याचा त्रास, लांबची गाडी चालवत नाहीत. म्हणजे बर्फात गाडी चालवणार मी, आणि माझा जन्म गेला नागपुरात, जिथे मे महिन्यात दुपारी स्टिअरिंगला हात लावायचा तर आधी रुमाल गुंडाळावा लागतो. २०१८च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, त्याची आठवण लोक अजून काढतात. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये आणि मनालीच्या सहलीत पाहिलेला.

पुढचे दोन-तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मी टायरबद्दल वाचत बसायचे. जे कळलं ते सांगते, कारण आपल्याकडे हे कुणाला ठाऊक असायचं कारणच नाही.

बर्फात गाडी घसरू नये म्हणून हे टायर, असं मला वाटत होतं. खरं तर मामला बर्फाच्या आधीच सुरू होतो. तापमान सातेक अंशांच्या खाली गेलं की साध्या, म्हणजे उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम असं बनवतात की ते थंडीतही मऊ राहावं. त्यात नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त, सोबत सिलिका. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, भरल्या वांग्याला मसाला भरायला आपण देतो तशा. चाक टेकलं की त्या चिरा उघडतात, बर्फ आत धरतात. आणि बर्फाला सगळ्यात चांगलं काय चिकटतं, तर बर्फच. दोन मुठी बर्फ एकमेकांवर दाबला की गोळा होतो ना, तेच इथे चाकाखाली होतं. टायरच्या खाचेतला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो.

यावरून नक्षीची खोली का महत्त्वाची तेही आपोआप कळतं. खाच उथळ झाली की बर्फ धरायला जागाच उरत नाही.

आमच्या खामल्याच्या टायरवाल्या दादांना मी हे सगळं सांगितलं. त्यांचं दुकान म्हणजे एक टपरी, दोन जॅक, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी. उमरेडच्या अपघातानंतर नवे टायर त्यांनीच बसवून दिले होते. मोबाइलवरचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला, मग म्हणाले, "ताई, रबर म्हणजे काय हाये, थंडीत ते बी आखडते माणसासारखं. पन हे मऊ टायर आपल्या इथं मे महिन्यात घातलं, तर खोडरबरासारखं घासून जाईन." मग त्यांनी एका एसयूव्हीचा टायर दाखवला. त्यावर एम+एस अशी अक्षरं होती, मड आणि स्नो. "हे असते आपल्याकडे. हेच घ्या म्हणा तिकडं."

दादांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही, पण जुनं झालं होतं. एम+एस ही अक्षरं टायर बनवणारी कंपनी स्वतःहून लिहू शकते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. चाचणीत उतरलेल्या टायरवर वेगळं चिन्ह असतं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमाचा कण. जर्मनीत काही वर्षं एम+एसच्या जुन्या टायरांना, म्हणजे २०१७च्या अखेरपर्यंत बनलेल्यांना, मुभा होती. ती ३० सप्टेंबर २०२४ला संपली. १ ऑक्टोबरपासून हिवाळी रस्त्यावर डोंगराचं चिन्ह हवंच. आम्ही जाणार होतो डिसेंबरात, म्हणजे नियम बदलल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. इंटरनेटवरचे अर्धेअधिक सल्ले बदलाच्या आधीचे, त्यामुळे प्रत्येक वेळी तारीख बघून वाचावं लागलं.

जर्मनीत ठरावीक तारखेपासून सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ, हिम किंवा वितळत्या बर्फाचा चिखल असेल तर हिवाळी टायर हवेत, असा कायदा आहे. लोक मात्र 'ओ पासून ओ पर्यंत' असा हिशेब धरतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ ठरलेला आहे आणि त्या काळात रस्ता हिवाळी असेल तर टायरही हिवाळी. पण ऑस्ट्रियाने आणखी एक अट घातली आहे, आणि आमची सगळी कथा त्या अटीवर फिरली. नक्षीची खोली निदान ४ मिलिमीटर हवी. त्याहून कमी असेल तर टायरवर कितीही डोंगर काढलेले असोत, ऑस्ट्रियाच्या लेखी तो हिवाळी टायर नाही. जर्मनीत कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. भारतातही मोटारींना तीच, १.६. म्हणजे एकच टायर सीमेच्या अलीकडे कायदेशीर आणि पलीकडे बेकायदा असू शकतो. ही ओळ मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवली.

आंतरराष्ट्रीय परवान्याचं काम मी समजले होते त्यापेक्षा सोपं निघालं. माझं लायसन्स एमएच-३१चं, म्हणजे गिरीपेठेतलं आरटीओ. सारथी पोर्टलवर अर्ज, एक हजार रुपये शुल्क, पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन्सच्या प्रती. परवाना एक वर्ष चालतो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः चालवणार?" मी हो म्हटलं. "उजव्या बाजूने चालवतात हो तिकडे," त्या म्हणाल्या, आणि काळजीनेच म्हणाल्या.

गाडीचं बुकिंग करताना मात्र खरी मेहनत लागली. ज्या संकेतस्थळावर दहा कंपन्यांचे भाव एकत्र दिसतात तिथे सगळ्यात स्वस्त गाडी दिसली की बोट आपोआप तिकडे जातं. पण हिवाळी टायरचे पैसे त्या भावात धरलेले नसतात. खाली अटींमध्ये कुठेतरी लिहिलेलं असतं, 'काउंटरवर देय'. आमच्या गाडीला ते दिवसाला १८ युरो होते. सात दिवसांचे १२६ युरो, म्हणजे त्या वेळच्या भावाने अकरा हजारांहून जास्त रुपये. हे म्हणाले, "गाडीच्या भाड्याच्या निम्मे पैसे नुसत्या टायरचे?" मी काहीच बोलले नाही, त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. त्यांनीही पुढे विषय काढला नाही.

मी कंपनीला ईमेल लिहिला. इंग्रजी लेकीने नीट करून दिलं, प्रश्न माझे. गाडीला चारही टायर हिवाळी किंवा सर्व-हंगामी असतील का? त्यांच्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असेल का? नक्षी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल का, कारण आम्ही ऑस्ट्रियात जाणार आहोत? आणि गाडी ऑस्ट्रियात न्यायला परवानगी आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला हो. तिसऱ्याला उत्तरच नाही.

मग फोन. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणून दुपारी दोनच्या सुमाराला लावायचे, जेवण झाल्यावर. तिसऱ्या प्रयत्नात कुणीतरी नीट बोललं. म्हणाले, आमच्या सगळ्या गाड्या हिवाळ्यासाठी तयार असतात. मी पुन्हा मिलिमीटर विचारले. ते म्हणाले, नेमकी कुठली गाडी मिळेल हे त्या दिवशीच ठरतं, त्यामुळे आत्ता सांगता येणार नाही. हे त्यांचं खरंच होतं. भाड्याच्या गाडीत आपण वर्ग बुक करतो, गाडी नाही. मी पुढचं विचारलं: कमी निघाली तर बदलून द्याल का? "स्टेशनवर बोला," एवढंच. मी त्यांचं ईमेलमधलं उत्तर छापून घेतलं आणि पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं.

एक गोष्ट याच फोनवर कळली म्हणून वाचलो. अनामत रक्कम ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच क्रेडिट कार्डावरून घेतात. आमच्याकडे क्रेडिट कार्ड यांच्या नावावर, माझ्याकडे बँकेने दिलेलं फॉरेक्स कार्ड. ते चालणार नव्हतं. महिनाभरात माझ्या नावाचं कार्ड काढलं आणि त्यावर परदेशातले व्यवहार सुरू करून घेतले. हे नसतं झालं तर काउंटरवरूनच परत फिरलो असतो.

२३ डिसेंबरला सकाळी म्युनिकच्या विमानतळावर गाडी घ्यायला गेलो. दोन अंश होते आणि बारीक पाऊस. काउंटरवरच्या मुलाने कागद केले, टायरचे १२६ युरो धरले, किल्ली दिली. लेक सामान ठेवायला लागली आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या चाकाशी बसले.

डोंगराचं चिन्ह होतं. सर्व-हंगामी टायर, चिन्हासकट. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३६२१ होते, म्हणजे २०२१चा छत्तिसावा आठवडा. तीन वर्षं, ठीक. मग लेकीकडून दोन युरोचं नाणं मागितलं. हे नाणं टायर मोजायला फार सोयीचं आहे, आणि युरोपात ते प्रत्येकाच्या खिशात असतं. मधोमध सोनेरी भाग आणि भोवती चंदेरी कडा, त्या कडेची रुंदी ४ मिलिमीटर. नाणं उभं धरून खाचेत घालायचं. चंदेरी कडा पूर्ण बुडाली तर खोली चारच्या वर. चंदेरी पट्टी बाहेर दिसली तर कमी. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कडा ३ मिलिमीटरची, तेही सोबत ठेवलं होतं.

दोन युरोचं घातलं. चंदेरी पट्टी दिसत होती. तिथून जरा सरकून दुसऱ्या खाचेत घातलं, आतल्या बाजूला घातलं, बाहेरच्या बाजूला घातलं. दिसतच होती. एक युरोचं घातलं, त्याची कडा बुडाली. म्हणजे तीन आणि चारच्या मधे. मागचे दोन चांगले होते, पुढचे दोन्ही कमी. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी.

यांनी छत्री माझ्यावर धरली होती. म्हणाले, "कमी आहे?" मी म्हटलं, "अर्धा मिलिमीटर असेल." अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी. त्यासाठी सगळं सामान उतरवून परत काउंटरवर जायचं का, हा विचार माझ्या मनात एक क्षण आला. तेवढ्यात तो जुना आवाज ऐकू आल्यासारखं झालं, अजून एक पावसाळा निघते ना ताई. मी उठले.

काउंटरवरचा मुलगा वागायला चांगला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, टायर कायदेशीर आहे, चिन्ह आहे, जर्मनीत १.६ पुरतं. लेकीने जर्मनमध्ये सांगितलं, आम्ही ऑस्ट्रियात जातोय, ते तुमच्या करारात लिहिलंय, आणि तिथे ४ लागतं. तो म्हणाला, पोलीस एवढं तपासत नाहीत. याचं मला फार वाईट वाटलं. पोलिसांसाठी टायर तपासत नव्हते मी. मी ईमेलची छापील प्रत त्याच्यासमोर ठेवली आणि तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं, ज्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. मग त्याने आतून एका मोठ्या बाईंना बोलावलं.

त्यांनी मोठी गाडी दाखवली. फोर-व्हील ड्राइव्ह, उंच, दिवसाला आणखी ३५ युरो. बर्फात हीच चांगली, म्हणाल्या. इथे एक गोष्ट मनापासून सांगते, कारण नागपूरहून निघालेल्या माणसाला हा सल्ला चटकन पटतो. चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी बर्फातून निघते चांगली, चढ चढते चांगली. पण ब्रेक लावायला प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात, फोर-व्हील असो नसो. थांबवतो तो टायर. उलट गाडी जड असेल तर थांबायला जास्तच जोर लागतो. आणि सहज निघालेल्या गाडीत बसलेल्या माणसाला रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही, कळतं ते पहिल्या वळणावर. मी त्यांना म्हटलं, मला छोटीच गाडी द्या, टायर चांगले द्या.

दीड तास थांबलो. सोबत मेथीचे ठेपले होते ते तिथेच बाकावर बसून खाल्ले. शेवटी नुकतीच परत आलेली एक स्टेशन वॅगन धुऊन आली. मी पुन्हा खाली बसले. पूर्ण हिवाळी टायर, डोंगराचं चिन्ह, ४०२३चा शिक्का, म्हणजे वर्षभरापूर्वीचे. दोन युरोचं नाणं घातलं तर चंदेरी कडा बुडून सोनेरी भागही आत गेला. त्या बाईंनी स्वतः मोजणी पट्टी आणली: सात मिलिमीटर. नवा हिवाळी टायर साधारण आठचा असतो. मी त्यांना विनंती केली की हा आकडा गाडीच्या कागदावर लिहून द्या. त्यांनी चारही चाकांचा लिहिला आणि सही केली. किंमत बदलली नाही. जाताना त्या म्हणाल्या, भाड्याच्या गाडीशी असं वाकून बसणारं गिऱ्हाईक कमी येतं. मी चारही टायरचे फोटो काढले आणि निघालो.

चाकाला बांधायच्या साखळ्या आम्ही वेगळ्या घेतल्या होत्या, त्याच कंपनीकडून. गाडी बदलली तेव्हा साखळ्याही बदलाव्या लागल्या, हे आधी लक्षात आलं नव्हतं. साखळी टायरच्या मापाची लागते. टायरवर २०५/५५ आर १६ लिहिलेलं असतं त्यातला २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १६ म्हणजे रिम किती इंची. साखळीच्या डब्यावर हीच मापं छापलेली असतात, ती जुळली पाहिजेत. गार्शिंगला परत येऊन लेकीच्या वसतिगृहाच्या पार्किंगमध्ये त्या बांधायचा सराव केला. पुढच्या चाकांना बांधायच्या, कारण जोर तिथे. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली आणि माझी बोटं बधिर झाली. हातमोजे ओले झाले की काही उपयोग नाही, रबरी पाहिजेत. तिसऱ्या वेळी बारा मिनिटांत जमलं. प्रत्यक्षात सात दिवसांत एकदाही लागल्या नाहीत. तरी अंधारात, चढावर, लेक मागे बसलेली असताना पहिल्यांदा बांधायची वेळ आली असती तर काय झालं असतं हे मला पार्किंगमध्येच कळलं.

दुपारी निघालो. ए-८ने खाली, मग ए-९३ने कुफस्टाइनला. ऑस्ट्रियात मोटारवेला विनेट म्हणून टोलचा पास लागतो, पण सीमेपासून कुफस्टाइन-दक्षिणपर्यंतचा तुकडा २०१९पासून मोकळा आहे. आम्ही तिथेच उतरून साध्या रस्त्याला लागलो. एल्माऊपर्यंत पाऊसच होता. मग पावसाचे थेंब काचेवर सावकाश पडायला लागले, आणि पाहता पाहता ते थेंब राहिले नाहीत. बर्फ इतक्या आवाजाविना येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपला पाऊस येतो तो पत्रे वाजवत.

सांक्ट योहानच्या पुढे रस्ता पांढरा झाला. एका सुपरमार्केटचं रिकामं पार्किंग दिसलं तिथे मी गाडी घातली. वेग वीस ठेवला आणि ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली ब्रेक खडखडला, ती एबीएसची थरथर, चाक अडकून घसरू नये म्हणून ब्रेक आपोआप सोडत-धरत राहतो ती, आणि गाडी सरळ थांबली. सरळ. पुन्हा तीस करून दाबला. डांबरावर थांबते त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली, पण सरळच. चार-पाच वेळा केलं. हे मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, उमरेडची नाली त्यांच्याही डोळ्यांसमोर असणार. पाचव्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चल."

तिथून लोफर, मग झालफेल्डन. मी चाळीस-पन्नासने जात होते. पुढच्या गाडीशी अंतर आपल्याकडे ठेवतो त्याच्या चौपट. उतारावर गिअर खाली घ्यायचा आणि ब्रेक होईल तितका कमी वापरायचा. स्टिअरिंग सावकाश, सगळंच सावकाश. मागे तिथल्याच एका माणसाची गाडी लागली तर मी बसथांब्याच्या जागेत बाजूला झाले, त्याने दिवे लुकलुकवून आभार मानले. लोफरला थांबलो तेव्हा मी चाक पाहिलं. सगळ्या चिरा, सगळ्या खाचा बर्फाने गच्च भरलेल्या, चाकाला पांढरी नक्षी आल्यासारखी. वाचलेलं डोळ्यांसमोर होतं. यांना बोलावून दाखवलं. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, म्हणाले, "हे रबर अजून मऊ आहे गं." बाहेर उणे तीन होते.

झेल आम झेला पोचायला रात्रीचे आठ वाजले. जेमतेम दोनशे किलोमीटर, नागपूर ते अकोला याहून लांब. पाच तास लागले.

तिथल्या दिवसांचं वर्णन करत नाही, तळं आणि डोंगर फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. गाडीचं एवढं सांगते की एका सकाळी उणे नऊ होते, पंपावर हवा तपासली तर दोन पीएसआयने उतरलेली. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड ते पावणेदोन पीएसआय जातात. टायर पंक्चर नसतो, आतली हवा आकसते. आपल्याकडे उन्हाळ्यात याच्या उलट होतं, समृद्धी महामार्गावर तासन् तास एका वेगाने गेलं की हवा तापून दाब चढतो. तिथे २०२३मध्ये आरटीओवाले घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला लागले तेव्हा लोक चिडले होते. मला ते पटलं होतं. काच धुवायच्या पाण्यात न गोठणारं द्रव्य घालावं लागतं, साधं पाणी भरलं तर नळी गोठते. आणि सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायला प्लास्टिकची खरवडणी गाडीत असते का ते घेतानाच बघावं. आमच्या गाडीत नव्हती. लेकीच्या लायब्ररी कार्डाने काम भागवलं.

३० तारखेला गाडी परत केली. माणसाने बाहेरून चक्कर मारली, ओरखडे पाहिले, पेट्रोल पाहिलं. टायरकडे त्याने पाहिलं नाही. अनामत नऊ दिवसांनी कार्डावर परत आली.

नागपूरला आल्यावर तिसऱ्या दिवशी खामल्याला दादांकडे गेले. फोटो दाखवले. बर्फाने भरलेल्या चाकाचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला, मग पोराला हाक मारून दाखवला. "पाय रे, चिरा पाय कशा दिल्या." मी त्यांना दोन युरोचं नाणं दिलं आणि कसं मोजायचं ते सांगितलं. त्यांच्याकडे खोली मोजायचं यंत्र आहे, नाण्याची त्यांना गरज नव्हती. तरी त्यांनी ते घेतलं, माझ्या गाडीजवळ गेले आणि पुढच्या डाव्या चाकात घातलं. चंदेरी कडा अर्धी बाहेर राहिली.

"दोन-अडीच असन," ते म्हणाले. "कायद्याने चालते."

मी म्हटलं, "दादा, पुढचे दोन काढून टाका."

त्यांनी जॅक लावला.